वेष्टनातील कादंबरी

दुपारची जेवणे आटोपून पुरुषमंडळी पुन्हा दुकानी गेली, की व्यापारी घराला तासाभराची स्वस्थता लाभते. अशाच एका घरातील चाळिशीची सूनबाई त्या वेळात मोबाइलवर इंग्रजी कादंबरी वाचीत असते. पावलांची चाहूल लागताच पडद्यावर पाककृती येते. कादंबरीचा नायक गुन्हेगार असतो. तो नायिकेचा माग काढतो, तिला धाकात ठेवतो आणि अखेर तिच्यापुढेच नमतो. अशा साहित्याला आता ‘डार्क रोमान्स’ हे नाव पडले आहे. आतील हिंसेविषयीची सूचना पुष्कळदा पहिल्याच पानावर असते आणि ती वाचूनच अनेक वाचक उत्सुकतेने पुढे जातात.

हे आकर्षण नवे नाही. एमिली ब्रॉन्टेची ‘वदरिंग हाइट्स’ १८४७ साली पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील हीथक्लिफ सूडापायी दोन घराणी धुळीस मिळवू पाहतो, तरी वाचकाचे मन त्याच्याकडेच ओढ घेते. मराठीत चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांचा असाच चोरटा दबदबा होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड ठोठावला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शृंगाराचा नुसता उल्लेखही वर्ज्य मानला, तर तरुणांना केवळ धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदविले. त्याच वर्षी काकोडकरांच्याच कादंबरीवरील ‘दो रास्ते’ हा चित्रपट झळकला आणि तो मात्र कुटुंबे एकत्र बसून पाहत होती.

मग सुसंस्कृत, सुखवस्तू स्त्रीला अशी कथा का आवडावी? ज्या घरात तिच्या वेळेवर, खर्चावर, माहेरी जाण्यावर चार जणांचे मत चालते, तेथे कुणीतरी केवळ आपल्यासाठी वेडे व्हावे, ही कल्पना मोहक वाटते. शिवाय पुस्तकातील भय सुरक्षित असते. शेवट गोड होणार हे तिला ठाऊक असते आणि नकोसे झाले तर पुस्तक मिटण्याचा अधिकार तिच्याच हाती असतो. वास्तवात तिला असा माणूस क्षणभरही सहन होणार नाही. म्हणूनच आवड आणि अपराधीपणा एकाच वेळी मनात नांदतात.

सूनबाईची पुतणी पंधरा वर्षांची. एके दुपारी ती म्हणाली, “काकी, माझ्या मैत्रिणीचा मित्र रोज तिचा मोबाइल तपासतो. तिनं कुणाशी बोललेलं त्याला खपत नाही. किती जीव आहे ना त्याचा तिच्यावर! कादंबऱ्यांत अगदी असंच असतं.”

सूनबाई चपापली. समोर सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. गप्प राहिली असती तर तिचे गुपित सुरक्षित राहिले असते. परंतु ती म्हणाली, “त्या कादंबऱ्या मीही वाचते, म्हणूनच सांगते. पुस्तकातला माणूस पुस्तक मिटलं की मिटतो. खरा माणूस मिटत नाही. मोबाइल तपासणं हे प्रेम नव्हे, पहारा आहे. मैत्रिणीला म्हणावं, आधी आईला सांग.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग सासूबाई वातीवरची नजर न काढता म्हणाल्या, “आमच्या वेळी काकोडकर वर्तमानपत्राच्या वेष्टनात यायचे. वाचलं सगळ्यांनी, बोललं कुणीच नाही. तुझी काकी सांगते ते ऐक.”

जैन परंपरेत स्त्रीकथेला विकथा म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच यादीत भोजनकथा आणि राजकथाही आहेत. पेढीवर तासन्‌तास राजकारण चघळणाऱ्याने सुनेच्या वाचनावर बोट ठेवण्यापूर्वी हे स्मरावे. विकथेत वेळ दवडू नये, हा उपदेश सर्वांना सारखाच लागू आहे.

व्यापाऱ्याला ठाऊक असते, की वहीत लिहिलेली उधारी वसूल होऊ शकते. न लिहिलेली मात्र बुडते. मनाच्या ओढीचेही तसेच आहे. पुस्तक हिसकावून घेतले, तर मूल ते पुन्हा वेष्टनात घालते आणि त्यातला धाक म्हणजेच प्रेम असे एकटेच समजून बसते. त्या दिवशी पुतणीला ते एकटीने समजून घ्यावे लागले नाही. संध्याकाळी तिने मैत्रिणीला घरी बोलावले.