गळते कोठे, ते आधी पाहावे

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील खेड्यांत एक दृश्य हमखास दिसते. शिडी लावून माणसे छपरावर चढलेली असतात. एकेक कवेलू उचलून पाहावे, फुटके असेल तर काढावे आणि त्या जागी दुसरे बसवावे, असे काम दिवसभर चालते. भिंती त्याच, सागवानी खांबही तेच. पण पुढे पावसाची झड लागली तरी घर गळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मूल येथील घरी संगणकावरून वाद निघाला. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला तो संगणक इतका मंद झाला होता, की बटन दाबून स्वयंपाकघरात जावे, चहा पिऊन परत यावे, तरी तो कामास तयार नसे. थोरला मुलगा म्हणाला, "हा टाकून नवा घेऊ." परंतु घरात जी थोडी शिल्लक होती, ती धानाच्या पैशांची होती. धाकट्या मुलीला गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जायचे होते. तिच्या राहण्या-जेवणासाठी ते पैसे बाजूला ठेवले होते. आमची आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती एवढेच म्हणाली, "अरे बाबू, घर गळते म्हणून कोणी घर पाडते का? गळते कुठे, ते आधी पाहतात."

मुलांनो, जुना संगणक सुधारून घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला तिच्या त्या बोलण्यात सापडले.

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क ही घरातल्या कोठीसारखी. सारे साठवण तिच्यात. रॅम म्हणजे कामापुरते सामान मांडण्याचा पाट. पाट लहान असला की प्रत्येक वस्तूसाठी कोठीकडे धाव घ्यावी लागते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावर हवी ती माहिती शोधतो. या शोधाशोधीतच वेळ जातो. एसएसडी नावाच्या नव्या साठवणीत फिरणारा भागच नसतो. म्हणून माहिती चटकन हाती येते. याखेरीज आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे जातो. आतल्या पंख्यावर धूळ साचली म्हणजे यंत्र तापते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो.

आम्ही प्रथम धूळ झाडून घेतली. मग एसएसडी बसवली आणि रॅम 4 जीबीची 8 जीबी केली. नव्या संगणकाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी खर्च आला. आता तोच संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

तथापि, सुधारणा नेहमीच फायद्याची ठरते, असे मी म्हणणार नाही. माझ्या एका स्नेह्याने आमचे पाहून आपल्या फार जुन्या संगणकासाठी नवी रॅम आणली. ती बसेचना, कारण डीडीआर-3 च्या खाचेत डीडीआर-4 बसत नाही. मग मदरबोर्ड बदलायचा, त्याच्यासाठी प्रोसेसर बदलायचा! खांब आणि भिंतीच खचल्या असतील, तर नवी कवेलू घालून काय उपयोग? अशा वेळी मोह आवरून नवा संगणक घेणेच शहाणपणाचे.

दुसरीही एक अडचण आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला, आणि विंडोज 11 पुष्कळ जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. आमच्या संगणकाची गत तीच झाली. म्हणून त्यावर आम्ही सी-डॅक या भारतीय संस्थेने घडवलेली 'बॉस' ही विनामूल्य प्रणाली घातली. अर्ज भरणे, लिहिणे, वाचणे ही आमची कामे तिच्यावर होतात. ज्याचे काम केवळ नव्या विंडोजवरच होते, त्याने मात्र हा मार्ग धरू नये.

कोणी म्हणेल, "पैसे असतील, तर एवढा विचार कशाला?" पण हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. संगणकातील तांबे, लोखंड, सोने हे कोठल्या तरी डोंगरातून खणूनच येते. खाण म्हणजे काय, हे कोळशाच्या चंद्रपूरला आणि सूरजागडच्या लोहखनिजाच्या गडचिरोलीला वेगळे सांगावे लागत नाही. जे यंत्र आणखी चार वर्षे चालेल, ते आज फेकणे म्हणजे तेवढी खणलेली माती वाया घालवणे होय. शिवाय टाकलेल्या यंत्रात शिशासारखे विषारी पदार्थही असतात. म्हणून आमची काढलेली हार्ड डिस्क आम्ही उकिरड्यावर टाकली नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली.

नवे घेण्यात कमीपणा नाही आणि जुने वापरण्यात मोठेपणा नाही. आपले कोणते काम अडते आणि ते कशामुळे अडते, हे न पाहता खर्च करणे मात्र चूक आहे. पावसाळा सुरू झाल्यावर आमची मुलगी गडचिरोलीला गेली. तिच्या प्रवेशाचा अर्ज त्याच जुन्या संगणकावर भरला होता.