तीन बोटांची चित्रे

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि आवडत्या पात्रांची चित्रे काढणारे चाहत्यांचे हातही निषेधाकडे वळले. ‘द हंगर गेम्स’ या चित्रपटमालिकेतली तीन बोटांची सलामी २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर आली होती, आता यांगूनच्या फलकांवर ती लाल-काळ्या रंगांत दिसू लागली. रात्री आठला निषेध म्हणून घरोघरी बडवली जाणारी भांडीही कागदावर उतरली. कुणीही छापून मोर्चात न्यावीत म्हणून चित्रे इंटरनेटवरून फुकट वाटली गेली. पण लवकरच रात्री एक ते सकाळी नऊ इंटरनेट बंद राहू लागले. दंडसंहितेचे कलम बदलून भीती पसरवणाऱ्या मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. पैसा न देणाऱ्या चाहत्यांच्या या कलेत नावच काय ते पदरात पडते. कित्येकांनी जिवाच्या भीतीने तेही चित्राखालून गाळले.