कोलोनच्या फूटपाथवरची नावे



ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या, हे आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. आमच्या चाळीत एकच बाटली चार घरे फिरायची. ते कोलन म्हणजे जर्मनीतले ऱ्हाईन नदीकाठचे कोलोन शहर, हे मला फार उशिरा कळले. तिथे १७०९ साली सुरू झालेल्या फरिना यांच्या पेढीतून ते सुगंधी पाणी जगभर गेले. गेल्या डिसेंबरात हे शहर पाहण्याची संधी मिळाली.

आमची धाकटी लेक फ्रँकफर्टला इस्पितळात नर्स आहे. दोन वर्षे ती बोलावत होती, आणि दोन वर्षे माझ्या मनात एकच प्रश्न होता. परक्या मुलखात माझ्या पोरीला लोक माणूस म्हणून वागवत असतील ना? फोनवर ती "सगळं छान आहे, आई" एवढेच म्हणायची. आईला तेवढ्याने धीर येत नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघे फ्रँकफर्टहून गाडीत बसलो. अंगात दोन स्वेटर, वर कोट, डोक्याला मफलर. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर, पण सव्वा तासात कोलोन! हा वेगवान मार्ग २००२ साली सुरू झाला, त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. आमच्या ह्यांचा जन्म गेला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. ते खिडकीबाहेर कमी आणि डब्याखालच्या आवाजाकडे जास्त लक्ष देत होते. शेवटी ड्यूट्स नावाचे स्टेशन लागले आणि गाडी मोठ्या लोखंडी पुलावर आली. खाली राखी रंगाची ऱ्हाईन, समोर धुक्यात दोन काळे मनोरे. पुलाच्या जाळीला प्रेमी जोडप्यांनी हजारो कुलपे लावलेली. हे म्हणाले, "प्रेम यांचं, आणि वजन पुलाने सोसायचं!"

ते मनोरे तिथल्या जगप्रसिद्ध चर्चचे. स्टेशनातून बाहेर पडले की ते समोरच. काम सुरू झाले १२४८ साली, मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे बंद पडले आणि पुरे झाले १८८० साली. उंची १५७ मीटर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी आजूबाजूचे शहर जमीनदोस्त झाले, पण मार खाऊनही हे चर्च उभे राहिले. जवळच नाताळचा बाजार भरला होता. किसलेल्या बटाट्याचे गरम तळलेले वडे आणि सोबत सफरचंदाचा गोड गर, असे आम्ही उभ्याउभ्या खाल्ले. थंडीत बरे वाटले.

मग लेक आम्हाला एका गल्लीत घेऊन गेली. एका घरासमोर ती थांबली आणि म्हणाली, "आई, खाली बघ." फरसबंदीत हाताच्या तळव्याएवढा पितळी चौकोन होता. त्यावर "इथे राहत होते" असे लिहून एक नाव, जन्मसाल आणि त्या माणसाला कुठे नेऊन मारले ते कोरलेले. वाचायला वाकावे लागले.

हे काम गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताचे. नाझी राजवटीत या शहरातील सिंती आणि रोमा लोकांना वस्तीबाहेर तळ करून ठेवले होते. मे १९४० मध्ये सुमारे एक हजार जणांना आगगाडीत भरून पोलंडला नेले. पन्नास वर्षांनी, १९९० साली, डेम्निग यांनी त्या वाटेवर रंगाने खूण ओढली. तेव्हा एक वृद्ध बाई म्हणाली की आमच्या भागात असले लोक कधी नव्हतेच. शेजारी राहून गेलेली माणसे विसरली गेली होती! त्यातूनच नावांचे दगड घराच्या दारात बसवण्याची कल्पना निघाली. पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोनच्या जुन्या नगरभवनासमोर बसला. २०२३ साली युरोपभरच्या दगडांची संख्या एक लाखावर गेली.

हे रोमा लोक कोण? सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान आणि नाकाला नाख. लेकीने हे सांगितले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दूर जाऊनही त्यांच्या वाट्याला वस्तीबाहेरचीच जागा आली.

त्या गाड्या सुटल्या ड्यूट्सहून. १९४१ पासून ज्यू कुटुंबांनाही तिथूनच नेले. सकाळी आम्ही ज्या स्टेशनातून आलो, तेच ते. परतताना पुलावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रुळाचा काय दोष? गाडी कोण सोडतो ते बघायचं."

साडेचारलाच अंधार पडला होता. गाडीत मी लेकीला थेट विचारले, "तुला इथे मानाने वागवतात का गं?" ती थोडी थांबली. म्हणाली, "वॉर्डात एखादा म्हातारा माझा रंग बघून तोंड फिरवतो, आई. मी तरी त्याला औषध देतेच. सगळे चांगले आहेत असं नाही. पण 'असं काही झालंच नव्हतं' असं इथे कोणी म्हणालं, तर त्याच्या पायाखालीच लिहिलेलं आहे." फोनवरच्या "छान आहे" पेक्षा या उत्तराने मला जास्त धीर आला.

भगिनींनो, आपल्या घरातल्या थोरांची नावे कोणत्या दगडावर आहेत? आजी कोणत्या गावची, पणजोबा कोणत्या गिरणीत होते, कोणी काय सोसले, हे सांगणारे एकेक करून जातात. या रविवारी मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. पितळ नसले तरी चालेल, शाईने लिहा.