कोरडी हवा पुरेशी नाही

निवृत्तीनंतर कुठे राहायचे, असा विषय निघाला की मुंबई-ठाण्यातल्या घरांत एक सल्ला हमखास मिळतो: घाटावर जा. हवा कोरडी, थंडी बेताची. दमा आणि सांधे दोन्ही आटोक्यात राहतात. या सल्ल्यावर विसंबून माणसे आयुष्यभराची पुंजी घरात घालतात, म्हणून तो तपासून घ्यायला हवा.

त्यात तथ्य आहे. कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो, भिंतींना बुरशी धरत नाही, दमा चाळवणारे धुळीतले सूक्ष्म किडे दमट घरात जास्त फोफावतात. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे फिरायला जायला स्वेटर पुरतो. म्हातारपणी हे सुख थोडे नव्हे.

पण हवेला औषध मानण्याची समजूत क्षयाच्या काळात रुजली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडण्यापूर्वी विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे नव्हते. पाचगणीला, मिरजेला क्षयरोग्यांची आरोग्यधामे उभी राहिली ती त्यामुळे. त्या समजुतीला धक्का बसला तो आपल्याच देशात. १९५६ साली मद्रासमध्ये चाचणी सुरू झाली. काही रुग्ण आरोग्यधामात ठेवले, काही त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच. औषधे सगळ्यांना तीच. वर्षभराने पाहिले तर दोन्हीकडे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे. समुद्रकाठच्या दमट शहरात, अपुऱ्या अन्नावरही माणसे बरी झाली ती औषधांमुळे. दम्याच्या रुग्णालाही आधी नियमित औषध हवे, मग हवापालट. दमटपणा आणि सांधेदुखी यांचा संबंध २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसला खरा, पण तो माफकच होता. तेवढ्यासाठी बिऱ्हाड हलवू नये.

याहून मोठा आक्षेप पाण्याचा आहे. घाटापलीकडची हवा कोरडी असते, कारण पावसाचा मोठा वाटा सह्याद्रीच अडवून घेतो. ज्या कारणाने हवा आवडते, त्याच कारणाने विहिरी आटतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, आणि ते मिरजेहून गेले. मिरजेची हवाही कोरडीच, पण तिच्या शेजारून कृष्णा वाहते. वस्तीला आधार नदीचा असतो. शिवाय सौम्य हिवाळ्याच्या गावाला मे महिनाही असतो. सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, आणि उतारवयात तहान लागल्याचे लवकर कळत नाही, म्हणून उन्हाचा झटका वृद्धांनाच आधी गाठतो.

तेव्हा घर निवडताना हवा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ठेवा. आधी नळाला पाणी किती दिवसांआड येते ते पाहा, टँकर कोणत्या महिन्यापासून लागतात ते विचारा. रस्त्याला झाडांची सावली आहे का, रात्री-अपरात्री उघडे असणारे रुग्णालय किती दूर आहे, हाकेला धावून येईल असे माणूस शेजारी आहे का, हे त्यानंतर. डिसेंबरात घर बघायला जाणारा माणूस त्या गावाची उत्तम बाजूच पाहून परततो. मे महिन्यात जा, आठ दिवस भाड्याने राहा, दुपारी चालून पाहा आणि मगच इसार द्या.