नंबर नाही लागला, म्हणून धंदा?

नांदेडच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी मी विचारतो, "धंद्यात का यायचंय?" दर वेळी दोन-तीन पोरं खाली मान घालून सांगतात, "सर, नीटला नंबर नाही लागला."

2024 ला नीटला 23 लाखांच्या वर पोरं बसली. तेव्हा देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. मग बाकीची सगळी वाया गेली का? लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही. शेतकऱ्यांची कितीतरी लेकरं त्याच्यामुळं डॉक्टर झाली. पण नववी-दहावीच्या लेकराला, "बाबा, तुला कसं जगायला आवडेल?" हे कुणी विचारतच नाही. लातूरचा ट्यूशन एरिया उद्योग भवनाच्या आसपास आहे, अन् तिथं उद्योगाचं नाव कुणी काढत नाही!

घरात दहावीचं लेकरू असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस दुकानात सोबत बसवा. धंदा शिकवायला नाही हं. मी भाच्याला बसवलं. रोज रात्री गल्ला मोजून झाला की एकच प्रश्न, "आज कशात मजा आली?" मला वाटलं, गिऱ्हाईक पटवण्यात म्हणेल. तर म्हणतो, "मामा, उधारीची वही जुळवली ना, त्यात."

आता त्याला कॉमर्स घ्यायचंय. ताई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला एवढंच म्हणालो, ॲडमिशनला अजून वेळ आहे, तोवर त्याचं ऐकून तरी घे.