पुष्पचक्रानंतर

सन १९३७ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करतांना अमेलिया एअरहार्टबाई हॉवलंड बेटानजीक नाहींशा झाल्या. तीस वर्षांनीं, १९६७ सालीं, अ‍ॅन पेलेग्रेनो या अमेरिकन शिक्षिकेनें तीन सहकाऱ्यांसह तशाच लॉकहीड विमानांतून तो मार्ग आक्रमिला व त्या बेटावर पुष्पचक्र सोडून प्रदक्षिणा पुरी केली. आम्हांस मात्र त्यांचें पुढील कार्य अधिक मोलाचें वाटतें. आयोवा संस्थानाच्या विमानविद्येचा इतिहास त्यांनीं खंडशः लिहिला; गांवोगांवच्या वैमानिकांचीं नांवें एरवीं त्यांच्यासमवेतच लोपलीं असतीं. पहिला खंड १९८० सालीं निघाला. त्याचा आरंभ १८४५ पासून, राइट बंधूंच्या उड्डाणापूर्वीं तब्बल ५८ वर्षें! याच संस्थानच्या जत्रेंत अमेलियाबाईंनीं बालपणीं पहिलें विमान पाहिलें, आणि तें त्यांस मुळींच आवडलें नव्हतें.