एका रकान्याचा अट्टाहास

स्वतंत्र पवन-डिझेल जाळी चालविणाऱ्या वाचकांची जी पत्रे या महिन्यात आली, त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच आहे: उद्याच्या उत्पादनाचा तक्ता मागविणाऱ्या नव्या नमुन्यात पवनशक्तीसाठी तासागणिक एकच आकडा भरावयाचा, आणि प्रत्यक्ष उत्पादन कमीजास्त झाले की लेखी खुलासा द्यावयाचा. एका वाचकाने धाडलेली खुलाशाची नक्कल आमच्यासमोर आहे. ‘वारा पडला’ या सत्य कारणावर तक्ता मागविणाऱ्या कचेरीने ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला आहे.

वाऱ्याचा वेग सेकंदाला आठ मीटरांवरून सहावर उतरला, तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटून अवघी ४२ टक्के उरते. आणि दूरदूर विखुरलेल्या शेकडो संचांमुळे मोठ्या जाळ्यात एकाची तूट दुसरा भरून काढतो, ती सोय एकाच पठारावरील दोन-तीन पवनचक्क्यांना नाही. राज्याच्या विशाल जाळ्याशी जोडलेल्या उत्पादकांकडून पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांचे वेळापत्रक मागताना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीही चुकीला दंडमुक्त मर्यादा ठेवली, दिवसभरात दुरुस्तीची मुभा दिली. सबळाला दिलेली ही सवलत दुर्बळाला नाकारणे हा कोठला न्याय?

परिणाम असा, की खुलाशाच्या धास्तीने चालक पवनाचा आकडा मुद्दाम कमी लिहितो आणि रात्रभर डिझेल संच चालू ठेवतो. मध्यरात्री मागणी ओसरते. पण डिझेल संच क्षमतेच्या सुमारे तीस टक्क्यांखाली दीर्घकाळ चालविला तर धुराड्यात काजळी व न जळलेले इंधन साचते, म्हणून ऐन श्रावणातला भरघोस वारा पाती वळवून सोडून द्यावा लागतो. याउलट, स्पेनच्या एल इएरो बेटावर साडेअकरा मेगावॉट पवनक्षमतेला जलसंचयाची जोड देऊन २०१९ साली सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ डिझेलविना वीज पुरविली गेली. तेथे जादा वीज पाणी वर चढविण्यात खर्ची पडते आणि तेच पाणी वारा पडला की वीज देते. नियोजनाचा खरा विषय ही राखीव शक्ती आहे, आणि आपल्या नमुन्यात तिला रकानाच नाही.

परंतु आपल्यापैकी अनेकांच्या नोंदवह्यांत दहा-दहा मिनिटांच्या वाचनाऐवजी ‘वारा चांगला’ एवढेच लिहिलेले असते, हे कसे चालेल? अशा वह्यांच्या बळावर कोणत्या अधिकाऱ्याशी वाद घालणार? बंधूंनो, नमुना मागो वा न मागो, प्रत्येक तासासमोर पूर्वानुमानाची खालची व वरची मर्यादा लिहा. फिरती राखीव शक्ती किती किलोवॉट आणि बॅटरी किती मिनिटे पुरेल, हे शेऱ्याच्या जागी नमूद करा. जाळे थांबविलेल्या किंवा वारा वाया घालविलेल्या प्रत्येक रात्रीची नोंद करा, आणि या वह्यांच्या नकला ज्येष्ठ संपण्यापूर्वी आमच्याकडे पाठवा, म्हणजे नमुना बदलण्याची मागणी करणारे सामायिक निवेदन त्या पुराव्यासह दाखल करता येईल.